वीस आठवड्यांची रजा

होबार्ट,
३ मार्च २०१४

प्रिय क्लेम,

आज ऑफिसात माझ्या नावाने एक जाड पाकीट आलं. वाटलं, कुणीतरी माझ्यावरच दावा ठोकलाय. उघडलं तर आस्थापना विभागाचं पत्र. ‘आपली दीर्घ सेवा रजा वीस आठवडे साठली असून यापुढे ती साठवता येणार नाही. तरी आपण ती लवकरात लवकर घ्यावी.’ तेहतीस वर्षं मी सरकारची वकिली केली. आई आजारी असताना घेतलेले दिवस सोडले तर या रजेला मी हातच लावला नाही. आता सरकारच म्हणतंय, बाई, घरी जा.

ही रजा मुळात कशासाठी होती, ठाऊक आहे? जुन्या काळी इथे नोकरीला आलेल्या साहेबलोकांना दहा वर्षांतून एकदा बोटीने मायदेशी जाऊन येता यावं म्हणून. वाचता वाचता मला आई आठवली. बावीस वर्षांची असताना पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाच्या शेटलंड बेटांवरून बोटीत बसली ती परत कधी गेलीच नाही. तिला कोण देणार होतं रजा?

म्हणून मी ठरवलंय, मे अखेरीला निघायचं. तिकडे तेव्हा उन्हाळा असेल. आईचं घर, ती सांगायची तो किनारा, तिच्या बहिणींची थडगी, सगळं बघून येते. खरं तर तू बरोबर यायला हवंस. पण तुझं उत्तर मला पाठ आहे: ‘गाई सोडतील तर येतो.’

जाण्याआधी ईस्टरला चार दिवस तुझ्याकडे येईन म्हणते. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू ‘हं’ आणि ‘बघू’ यापलीकडे काही बोलत नाहीस.

तुझी,
ग्वेनी

•

स्मिथटन,
११ मार्च

प्रिय ग्वेनी,

पत्र पोचलं. फोनवर मी बोलत नाही कारण फोनवर तू उलटतपासणी घेतेस. कागदावर मला विचार करायला सवड मिळते, आणि मध्येच ‘प्रश्नाचं उत्तर द्या’ असं कुणी म्हणत नाही.

तू जायलाच हवंस. विचार बदलू नकोस. आईच्या पेटीतले दोन फोटो पाठवतो. एकात ती दारात उभी आहे, ते घर शोध. असेल तर त्याच दारात उभं राहून फोटो काढ.

इकडे सगळं ठीक. पाऊस वेळेवर झाला, गवत गुडघ्याला लागतंय. एकशे चाळीस गाई दुधावर आहेत. कुंपणाचं काम थोडं मागे पडलंय, पण ते दरवर्षीच पडतं. दूधगाडीवाला विबे रोज नवीन डच विनोद सांगतो आणि स्वतःच हसतो.

ईस्टरला मात्र येऊ नकोस. घरात रंगकाम काढायचंय, झोपायला जागा नसेल. तू परत आलीस की ये, सगळं नीट ऐकेन.

मला तुझा अभिमान वाटतो हे मी कधी लिहिलं नाही. सरकारने तुला पत्र लिहिलं, त्या निमित्ताने मीही लिहून टाकतो.

क्लेम

•

होबार्ट,
२ एप्रिल

प्रिय क्लेम,

रजा मंजूर झाली. सव्वीस मे ते दहा ऑक्टोबर. आमचा प्रमुख डग्लस याने सही करताना मान वर करून विचारलं, “ग्वेन, तुला घर आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.” तिकीट या आठवड्यात काढते.

आईचे फोटो मिळाले. दारातला फोटो मी टेबलावर ठेवलाय.

पण तुझं पत्र मी चारदा वाचलं. तुझी जोन गेल्यापासून सहा वर्षांत त्या घराला तू रंगाचं बोटसुद्धा लावलं नाहीस. ती असताना वैतागायची, तेव्हाही नाही लावलंस. आणि आता नेमका ईस्टरलाच रंग? मी आयुष्यभर साक्षीदारांची उत्तरं ऐकत आले, क्लेम. हे उत्तर मला पटलं नाही.

मला वाटतं, मी येऊ नये असं तुला वाटतंय, आणि का ते मला कळतंय. मी वीस आठवड्यांच्या रजेच्या गप्पा मारते, आणि तुला आठवत असेल तो शहात्तर सालचा जून. बाबांना पुरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी होबार्टच्या बसमध्ये बसले, कारण माझी परीक्षा होती. तू सोळा वर्षांचा होतास. त्या दिवसापासून तू शाळेत गेला नाहीस, आणि गोठ्यातून एकही दिवस सुटला नाहीस. बस सुटली तेव्हा तू फाटकापाशी हात वर करून उभा होतास. मी वकील झाले ती तुझ्या जिवावर. याबद्दल मी तुला कधी ‘धन्यवाद’सुद्धा म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर मी काय घेतलं होतं ते मोजावं लागलं असतं.

राग असेल तर लिही. मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही.

तुझी,
ग्वेनी

•

स्मिथटन,
१४ एप्रिल

मिस टेट यांस,

आपली माझी ओळख नाही. मी विबे डायक्स्ट्रा, दूधगाडी चालवतो. क्लेमची पत्रं पोस्टात मीच टाकतो, म्हणून तुमचा पत्ता पाठ आहे. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला सवय नाही. आज पहिल्यांदाच खुपसतो आहे.

परवा सकाळी मी टाकीला नळी लावत होतो. शेडमधून यंत्राचा आवाज येत होता, पण माणूस दिसेना. आत गेलो. क्लेम पालथ्या बादलीवर बसून, बादलीसकट सरकत सरकत एका गाईकडून दुसरीकडे जात होता. मी म्हटलं, “हे काय चाललंय?” तो म्हणाला, “नवीन पद्धत आहे. डच लोकांना कळायची नाही.”

त्याचा उजवा खुबा पार झिजलाय. दोन वर्षं झाली. इस्पितळाने ऑपरेशनची तारीख दोनदा दिली, दोन्ही वेळा ऐन दुधाच्या दिवसांत. दोन्ही वेळा त्याने नको म्हणून कळवलं. धारा कोण काढणार? आता चौदा ऑक्टोबरची तारीख आलीय. ही सोडली तर यादीतून नाव जाईल आणि पुन्हा पहिल्यापासून रांग. ते पत्र त्याच्या स्वयंपाकघरात घड्याळामागे खोचलेलं आहे.

गेल्या आठवड्यात जनावरांचा दलाल येऊन गाई बघून गेला. क्लेम त्याच्याबरोबर फाटकापर्यंतसुद्धा चालत गेला नाही. त्या दिवशी मी विनोद सांगितला नाही.

मी म्हटलं, तुझ्या बहिणीला कळव. तर म्हणाला, “ती आईच्या गावाला निघालीय. तिला हे कळलं तर ती जाणार नाही. आणि तिला तू सांगितलंस तर माझ्या घरचा चहा बंद.” चहा तसाही वाईट असतो. म्हणून लिहिलं.

आपला,
विबे डायक्स्ट्रा

•

होबार्ट,
१८ एप्रिल

क्लेम,

रंगकाम! बादलीवर बसून रंग देत होतास का?

कुणी सांगितलं ते विचारू नकोस, मी साक्षीदाराचं नाव उघड करत नाही. तिकीट मी अजून काढलेलं नाही आणि आता काढणारही नाही. मला फक्त तीन गोष्टी खऱ्या-खऱ्या लिहून कळव. दुखतं किती? डॉक्टर काय म्हणाले? आणि दलालाला तू शब्द दिलायस का?

दिला असशील तर मागे घे. माझं पुढचं पत्र येईपर्यंत एकही गाय फाटकाबाहेर जाता कामा नये.

ग्वेनी

•

स्मिथटन,
२६ एप्रिल

प्रिय ग्वेनी,

विबेचा चहा बंद केला. दुसऱ्या दिवशी तो घरून डबा घेऊन आला, त्यात लोण्याची बिस्किटं होती, म्हणून परत चालू केला.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. दुखतं पुष्कळ. बूट घालायला सर्वांत जास्त. डॉक्टर म्हणतात खुबा बदलला की तीन महिन्यांत पूर्वीसारखा चालशील, नाही बदलला तर खुर्ची. दलालाला शब्द दिलेला नाही. ‘बघू’ म्हटलं.

आता दुसरं. तुझं शहात्तर सालाबद्दलचं पत्र वाचून मी गोठ्यामागे जाऊन बसलो. तुला अडतीस वर्षं असं वाटत होतं? ग्वेनी, मी तुला खरं सांगतो आणि ते सांगायला मला लाज वाटते. बाबा गेले त्याचं दुःख मला झालं. पण आता शाळेत जावं लागणार नाही हे कळलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी गाईंच्या मागे धावत सुटलो. मी कसलाही त्याग केला नाही. मी सुटलो होतो.

मला वाचता येत नव्हतं. अक्षरं जागेवर राहायची नाहीत. वर्गात मास्तर उभं करायचे आणि सगळी पोरं वाट बघत बसायची. आईला माहीत नव्हतं, बाबांना माहीत नव्हतं. पण तुला माहीत होतं. चौऱ्याहत्तर साली तू होबार्टला गेलीस आणि तुझी पत्रं यायला लागली. मोठमोठं अक्षर, एक ओळ सोडून एक ओळ, छोटी छोटी वाक्यं. आई म्हणायची, “पोरगी कागद किती वाया घालवते!” मी ती पत्रं गवताच्या गंजीवर नेऊन बोट ठेवून वाचायचो. एक पत्र वाचायला आधी आठवडा लागायचा, मग तीन दिवस, मग एक. हळूहळू तुझं अक्षर लहान होत गेलं. मला ते कळत होतं. कधी लहान करायचं हे तुला कसं कळत होतं, ते मला अजून कळलं नाही. मला वाटतं माझ्या उत्तरांवरून.

म्हणजे कर्ज माझ्यावर आहे, तुझ्यावर नाही. म्हणून मला वाटत होतं तू शेटलंडला जावंस. माझ्याकडून तुला द्यायला दुसरं काही नव्हतं, निदान मध्ये यायचं नाही एवढं तरी.

क्लेम

•

होबार्ट,
२० मे

प्रिय क्लेम,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस ऑफिसला गेले नाही. सर्दी झाली म्हणून कळवलं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा खोटं कारण दिलं. डोळे मात्र सर्दी झाल्यासारखेच दिसत होते, तेव्हा अगदीच खोटं म्हणता येणार नाही.

हो, मला माहीत होतं. तुला कळलेलं आहे हे मला माहीत नव्हतं. आपण दोघं जमेल तितके मूर्ख आहोत, त्याबद्दल आता काही करता येणार नाही.

आता कामाचं ऐक. मी डग्लसकडे गेले आणि म्हटलं, रजा पुढे ढकल, सहा ऑक्टोबरपासून वीस आठवडे दे. तो म्हणाला, “मे महिन्यात जा, जूनमध्ये जा. ऑक्टोबरात नाही. धरणाच्या ठेक्याची सुनावणी आहे.”

“जूनमध्ये माझ्या भावाचा खुबा बदलत नाहीत.”

त्याने कपाटातून एक निळी फाईल काढून माझ्यापुढे सरकवली. रजा केव्हा द्यायची हा ऑफिसच्या सोयीचा प्रश्न आहे, कर्मचाऱ्याच्या हक्काचा नाही, असं कायदेशीर मत. दोन हजार तीन सालचं. खाली सही माझी.

मला ते प्रकरण चांगलं आठवत होतं. आमच्याकडे मॉइरा म्हणून टंकलेखिका होती. तिचे वडील क्वीन्सटाउनला आजारी होते, तिला लगेच रजा हवी होती. विभागाने मला विचारलं, नाही म्हणता येतं का? मी सहा पानी उत्तर लिहिलं: येतं. तिला दोन महिन्यांनी रजा मिळाली. तोवर वडील गेले होते.

डग्लस म्हणाला, “हे मत कुणाचं?”

“माझं. आणि ते चुकीचं आहे.”

त्याने चष्मा काढला. “कायद्याने चुकीचं?”

“कायद्याने बरोबर आहे. नाही म्हणता येतं. पण म्हणावं का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.”

“आणि सुनावणी कोण चालवणार?”

“तान्या. ती सात वर्षं माझ्या हाताखाली आहे.”

“जमेल तिला?”

“गेली दोन वर्षं जमतंय. सही फक्त माझी असते.”

त्याने निळी फाईल परत स्वतःकडे ओढली. मग म्हणाला, “जुनं मत मागे घेतेस असं लेखी दे. मला दोघांच्याही अर्जावर एकच उत्तर देता आलं पाहिजे, वरिष्ठ वकील असो की टंकलेखिका.” त्याचं बरोबर होतं. मी दोन पानं लिहिली. आधी माणसाला विचारा की रजा कशासाठी हवी. मग बघा, त्याचं काम दुसरं कुणी करू शकतं का. त्यानंतरच नाही म्हणा. त्याने तिथेच सही केली.

मग मी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेले. मॉइरा आता आस्थापना विभाग सांभाळते. ते जाड पाकीट तिनेच पाठवलं होतं. मी दारात उभी राहून म्हटलं, “मॉइरा, दोन हजार तीनमध्ये तुझ्या रजेवर ते मत मी लिहिलं होतं.”

ती म्हणाली, “माहीत आहे. टाइप मीच केलं होतं.”

क्लेम, मला खरंच ठाऊक नव्हतं. तिने सहा पानं एकही चूक न करता टाइप करून माझ्या टेबलावर ठेवली होती, आणि मी न बघता सही केली होती. मी माफी मागितली. तिने माझ्या हातातला अर्ज घेऊन बघितला. मी वळले तेव्हा ती म्हणाली, “ग्वेन, तू अर्जाचा जुना नमुना भरलायस. तो आता चालत नाही. बस, मी नवा भरून देते.” आणि तिने भरून दिला. कारणाच्या रकान्यापाशी थांबून तिने विचारलं, “भावाचं नाव काय?”

तर रजा मंजूर आहे. सहा ऑक्टोबरला मी फाटकापाशी हजर. तू दलालाला ‘बघू’ऐवजी स्पष्ट शब्दांत उत्तर दे. शेटलंड कुठे जात नाही.

तुझी,
ग्वेनी

•

स्मिथटन,
१६ ऑक्टोबर

प्रिय क्लेम,

मंगळवारी इस्पितळातून फोन आला, सगळं छान झालं म्हणून. मी शेडमध्ये होते. विबेला सांगितलं तर त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, “आता तरी चहा सुधारेल.”

तू आठवडाभर मला शिकवलंस खरं, पण मंगळवारी मी पहिल्यांदा एकटी होते. तुला दोन तास लागतात, मला पावणेचार लागले. अठ्ठ्याऐंशी नंबरच्या गाईने दोनदा लाथ मारली आणि तिसऱ्यांदा काय केलं ते मी लिहीत नाही, कोट धुवायला टाकलाय. मध्येच मला कळलं की मी त्यांच्याशी न्यायालयातल्यासारखी बोलतेय. “कृपया पुढे सरका.” एकही सरकली नाही. मग आई ओरडायची तशी ओरडले. सगळ्या सरकल्या.

माझे हात विसरले नव्हते, क्लेम. पहिल्या दहा गाई जड गेल्या. मग बोटं आपोआप सडाखाली जायला लागली, कासेची ऊब लागली, आणि मी पुन्हा बारा वर्षांची झाले. शेवटची गाय बाहेर गेल्यावर मी तुझ्या त्या बादलीवर बसले. अंगात त्राण नव्हतं. दुपारी परत हेच करायचं होतं, उद्या परत, परवा परत. तू हे अडतीस वर्षं केलंस. तू म्हणतोस सुटलो होतो, ठीक आहे, मी वाद घालत नाही. पण मला आभार मानायचे आहेत आणि ते तू ऐकून घ्यायचे आहेत. आता तर तुला पळून जाता येणार नाही.

आज विबे टाकीतलं दूध तपासताना म्हणाला, “मिस टेट, दूध उत्तम आहे. सरकारी असूनसुद्धा.”

सांगतात तसं वाग. लवकर उठायचा हट्ट करू नकोस.

तुझी,
ग्वेनी

•

इस्पितळ, बर्नी,
१९ ऑक्टोबर

प्रिय ग्वेनी,

आडवं पडून लिहितोय, अक्षर वाकडं येईल. आभार ऐकून घेतले. पळून जाता आलं नाही हे खरं.

काल मला वॉकर धरून दारापर्यंत चालवलं. आतली ती कळ, जी दोन वर्षं माझ्याबरोबर झोपायची आणि माझ्याबरोबर उठायची, ती नव्हती. जखम दुखते, पण ते दुखणं वेगळं. हे जाणारं आहे.

आज सकाळची गोष्ट सांगतो. मी डोळे उघडले तर भिंतीवर ऊन होतं. मला काही कळेना. मी इतका घाबरलो की उठायला निघालो. नर्स धावत आली. “मिस्टर टेट, कुठे निघालात?”

मी म्हटलं, “उजाडलंय! गाई तशाच असतील. किती वाजले?”

“सव्वासात.”

“धारा कोण काढतंय?”

तिने मला धरून परत उशीवर टेकवलं आणि म्हणाली, “ते तुम्हीच सांगा. कोण काढतंय?”

मग मला आठवलं. मी म्हटलं, “माझी बहीण. सरकारी वकील आहे.”

तिला वाटलं, दुखण्यावरच्या औषधाने मी बरळतोय. मी समजावत बसलो नाही. मी त्या भिंतीवरच्या उन्हाकडे बघत पडून राहिलो. सोळाव्या वर्षापासून मी रोज अंधारात उठलोय. आपल्याआधी सूर्य उठतो तेव्हा खोली कशी दिसते ते मी विसरूनच गेलो होतो. पिवळी दिसते, ग्वेनी. सगळी पिवळी, आणि गरम, आणि काही करायचं नसतं.

कूस बदलायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. म्हणून तसाच उताणा, मी परत झोपलो.

क्लेम